नख

धायरीच्या शेडमध्ये पानशेतहून आणलेली बोट.
खासनीस म्हणतात, खडकाला घासली असणार,
धरण उतरलंय यंदा.

इस्माईल रॉकेलच्या बोळ्यानं
खालच्या गिअरकेसवरचं शेवाळ पुसतो,
नख फिरवतो.

खडकाचा ओरखडा लांब, त्याला दिशा असते.
गंज असता तर आधी जस्ताची वडी झिजली असती;
ती अजून नव्या साबणासारखी.
हे देवीचे वण. एकाच अंगाला,
नाकाडामागे चार बोटं.

"बुडबुडे."
"पाण्याचे?"
"वेग सोसला नाही की पाणी फाटतं, साहेब.
मग धातूला चिकटून फुटत राहतं."

खासनीस हसतात. बुडबुड्यांनी ॲल्युमिनियम खाल्लं!

मुलगा तेवढा हसत नाही.
वाकून नख फिरवतो.
काटा कुठवर गेला होता
कुणी विचारलेलं नाही अजून.