आज्ञार्थ

निरोपाच्या दिवशी शाल-नारळ हातात असताना
खिचडी शिजवणाऱ्या कौसाबाईनं विचारलं होतं,
"बाई, तुमच्या त्या पोथीत लिवलंय तरी काय?"

एकतीस वर्षं मराठी शिकवली मी उदगीरला,
जिल्हा परिषदेच्या पत्र्याच्या वर्गांत.
अकरा वेळा कुरआन पुरं केलं,
दर वेळी गल्लीत बुंदी वाटली,
आणि तिला एका पानाचा अर्थ सांगता येईना.
"चांगलंच असतंय," म्हणाले.
नापास होणारं पोरगं म्हणतं ना, पेपर चांगला गेला, तसं.

आता असरनंतर झुनैरा येते.
आलिमा होऊन परतलेली. चौथीत माझ्याच हाताखाली होती.
'आशीर्वाद' वीस वेळा लिहून घेतला होता मी तिच्याकडून,
रफार शीवर दिला म्हणून.
आता ती माझ्याकडून 'ऐन' घोटून घेते.
"घशातून, बाई. अजून खालून."
खोकल्यासारखं काहीतरी निघतं,
टाकीवरचं कबुतर उडून जातं.
अरबीत ळ नाही, हे कळल्यावर
मी दिवसभर उगीच खुशीत होते.

माझे प्रश्न तिला पाठ झालेत.
या वयात जीभ वळेल का.
न कळता वाचलं ते अकरा वेळचं कुठं जमा झालं असेल का.
मराठीत वाचलं तर ते तेच राहतं,
की नुसता त्याचा पत्ता?
काहींचं उत्तर तिच्याकडे तयार असतं:
अडखळत वाचणाऱ्याला दुप्पट पुण्य.
"मग तुला एकपटच गं," मी म्हणते.
काहींना म्हणते, विचारून सांगते.
अलिफ, लाम, मीम आले की मात्र सरळ हात वर करते,
याचा अर्थ त्यालाच ठाऊक.
वर्गात असं म्हणता येतं,
हे मला डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं.

व्याकरणाची खोड काही जात नाही.
सगळ्यात आधी उतरलेला शब्द: इक्रा. वाच.
आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन.
"क्रियापद सकर्मक दिसतंय," मी म्हणते, "मग कर्म कुठंय? काय वाच?"
झुनैरा बोट ठेवून ओळ पुन्हा बघते.
कर्म नाही.
आणि ज्यांना सांगितलं
त्यांना तर वाचताच येत नव्हतं.
एखाद्या पोरानं असं वाक्य लिहिलं असतं
तर मी लाल शाईनं शेरा मारला असता, अपूर्ण.

मधेच ओळखीचं कुणी भेटतं,
एसटी स्टँडवर माहेरचं माणूस दिसावं तसं.
कलम.
हिसाब.
मालिक.
घरात दखनी, शाळेत मराठी, नमाजेत अरबी
अशी तीन दारं लावून घेतली होती मी,
आणि हे शब्द आपले
मागच्या अंगणातून ये-जा करत होते.

परवा बाजारात, मेथीच्या ढिगापाशी, कौसाबाई.
या वेळी मी तयारीनं गेले होते.
पहिल्या सात ओळी सांगितल्या तिला.
तो मालक, निवाड्याच्या दिवसाचा.
"मालक," ती म्हणाली. नवऱ्यालाही ती हेच म्हणते.
आणि मागणं एकच: आम्हाला सरळ वाट दाखव.
"रोज म्हंता?"
"दिवसातून सतरा वेळा."
तिनं जुडी झटकली. माती माझ्या चपलेवर.
"सतरा? मग त्यानं आजून दाखिवली न्हाई का?
का दाखिवली, अन् तुमीच इसरता?"

मी पाच रुपये जास्तीचे देऊन आले.

झुनैरानं ऐकलं. पेन्सिल खाली ठेवली.
बराच वेळ पंख्याकडे बघत बसली,
चौथीत गणित अडलं की बसायची तशी.
"बाई, हा लिहून ठेवा."

लिहिला.
खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या,
उत्तरासाठी सोडा म्हणून पोरांना सांगायचे, तेवढ्या.
मग वाटलं, कमी पडतील.
पान उलटलं.