आठ बाय सोळा

ग्रिम्सबीत, मासळीबाजारामागच्या तळघरात
आठ बाय सोळा ठिपक्यांत
मी ळ बसवत होतो.
एक वेटोळं मोकळं केलं की दुसरं बुजे.

शिरोरेघही दर अक्षरापाशी तुटे.
कार्ड नववा रकाना कोराच सोडतं,
फक्त चौकटीच्या तुकड्यांना
शेजाऱ्याचा हात धरू देतं.
म्हणून त्यांच्या बत्तीस घरांत
आडनावापुरतं बिऱ्हाड मांडलं.
फॉन्ट चढवला. पडदा एकदा लवला.
काळसेकर. सलग.

पहाटे डेस्मंडने हाक मारली.
लिलावाच्या तक्त्यातल्या रेघा गेलेल्या,
हॅडॉकच्या भावाखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत
ळळळळळळळळळळळळ

"हे काय?"
ळ, मी म्हटलं.
"ल," तो म्हणाला,
आणि किटली लावायला गेला.