फूटभर माती

पत्र्याची चौकट, फूटभर लांब, फूटभर रुंद.
ती जमिनीत ठोकायची आणि आतलं सगळं मोजायचं.
दिवसाला चारशे रुपये, दुपारचा डबा आपापला.

रबरात काम लवकर आटपलं.
खाली पानं होती, पण सगळी एकाच झाडाची, कोरडी.
सात मुंग्या, एक गोम.
थर्मासातला चहा अजून वाफाळत होता.

भाजावळ झालेल्या कुणग्यात वर नुसती राख,
पण वीतभर खाली एक गांडूळ निघालं
अंगाची गाठ मारून बसलेलं,
आगीला न सापडलेलं.
मॅडमनी ते तळहातावर घेतलं. काही बोलल्या नाहीत.

राईत खणायला कौल लावावा लागला.
भिकाजी गवसांनी पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या,
उजवी पडेपर्यंत आम्ही चपला हातात घेऊन उभ्या.
"देव म्हणता, माती घेवा.
पण मोजून झाली काय परत घाला. ज्येचा त्येका."

मग मोजणी सुरू झाली ती संपेचना.
वाणी, घोणी, वाळवीची पांढरी पिलं,
तोंड बंद करून झोपलेल्या गोगलगायी,
टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी,
बोट नेलं की उडी मारून नाहीसं होणारं.
एकाचे पाय मोजताना मीच दोनदा चुकले.
वहीचं पान संपलं. मागच्या पानावर बाजाराचा हिशेब,
त्याखाली लिहिलं : कोळी, एकोणीस.
माती परत घातली, वर पाचोळा ओढला
कुणी निजलेलं असताना दार लोटावं तसा.

शेवटची चौकट आमच्याच काजूत.
दादाने तीन वर्षं तणनाशक मारलेलं,
जमीन अंगणासारखी लख्ख.
"काय गावला?" त्याने मेरेवरून विचारलं.
मी चाळणी पुन्हा हलवली. तिसऱ्यांदाही हलवली.
मॅडमनी शून्य लिहायला पेन उघडलं

तेवढ्यात पिशवीच्या शिवणीतून एक वाणी बाहेर आला,
राईतला, काळा, तांबड्या पायांचा,
आणि चाळणीच्या काठाकाठाने चालू लागला.
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, हा इथला नव्हे.
शून्यच लिहिलं.

देवाला दिलेला शब्द तेवढा मोडला.
त्याला राईत नेला नाही,
कुजत्या बोंडांच्या ढिगाखाली सोडला.

अजून तिन्हीसांजेला तिथून जाताना
पाय जरा बघून टाकते.