सोमवारी फाउंड्री बंद असते

सोमवार धरला. शिरोलीत सोमवारी भट्ट्या गार असतात,
वीजही त्या दिवशी जरा बऱ्या मनाने येते.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहितेय:
नवा सर्व्हर आधी शेजारी उभा करायचा,
डोमेनमध्ये घ्यायचा, ओळखपाळख होऊ द्यायची.
नावं, पासवर्ड, कुणाला कुठली दारं उघडतात,
सगळं जुन्यातून नव्यात झिरपू द्यायचं.
जुन्याच्याच अंगावर नवी सिस्टीम चढवायची नाही.
पेटल्या भट्टीचं अस्तर कुणी बदलतं का?

मगदूम सरांना सांगितलं, दोन तास नेटवर्क नसेल.
"चालतंय की," म्हणाले. आणि लगेच,
"पण डिस्पॅच थांबाय नको."

पाच जबाबदाऱ्या आहेत जुन्याकडे. एकेक काढून द्यायची.
त्यातली एक वेळेची.
गेटवरचं पंचिंग, लॅबमधला स्पेक्ट्रो, माझ्या स्क्रीनचा कोपरा,
सगळे अकरा वर्षं त्याच्याकडे बघून घड्याळ लावतात
आणि तो स्वतः सव्वाचार मिनिटं पुढे आहे.
म्हणजे आम्ही रोज सव्वाचार मिनिटं लवकर घरी गेलो,
किंवा लवकर आलो. धरू तसं.

मग निकामी खात्यांची यादी काढली.
खोत श्रीपती ज्ञानू, स्टोअर.
गेले, करोनाच्या दुसऱ्या लाटेत.
शेवटचं लॉगिन: आज, सकाळी सहा दहा.

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

दुपारी सापडलं. वजनकाट्याच्या खोलीतला पीसी,
वर धुळीचा आणि मोल्डिंगच्या वाळूचा थर.
स्टिकर छापायचा प्रोग्राम त्यांनी बसवून घेतला होता
स्वतःच्या नावावर.
तो अजून त्याच नावाने उठतो,
पहिल्या शिफ्टच्या गाडीचं वजन छापतो.
काट्यावरचा मुजावर हसला:
"खोतमामा उठले का बघतो, मगच गाडी आत घेतो."

प्लॅनमध्ये एक ओळ वाढली.
काट्यासाठी वेगळं खातं, माणसाचं नसलेलं.
नियमाने नाव काटा-एक द्यायला हवं.
रकाना अजून मोकळाच आहे.

बॅकअप दोनदा.
रिस्टोअर एकदा, कागदावर नाही, खरोखर करून.
डबा जास्तीचा, मुजावरलाही लागेल.
आणि जुना लगेच बंद करायचा नाही,
आठ दिवस असू दे चालू, कोपऱ्यात, बिनकामाचा.
बघायचंय,
कुणी अजून त्याला काही विचारायला येतंय का.