कितीला पडला

सियागंजात हातिमभाई काच कापतात,
हिऱ्याच्या टोकानं एक रेघ, मग टिचकी.
"बेन, इत्ती पतली? फोटोफ्रेममध्येपण टिकणार नाही.
चेहरा कुणाचा बघायचाय?"
कुणाचाच नाही, म्हटलं.
ह्या आरशापुढे समोरून उभं राहणाऱ्याला
काही मिळत नाही.

क्ष-किरण समोरून आला की घुसतोच,
कातडीत, काचेत, सोन्याच्या पदरात.
त्याला तिरपंच भेटावं लागतं, अर्ध्या अंशाहूनही कमी,
लहानपणी बिलावलीच्या पाण्यावर
चपटी खापरी सोडायचो तसं.
दोन भाकऱ्या काढतो तो,
आणि वळतो थोडासा, आपल्याला हवा तिकडे.

भट्टी सांवेर रोडच्या एका टाइल्सवाल्याची, जुनी.
पावणेसहाशे अंशांवर काच हट्ट सोडते,
साच्याच्या अंगावर ओघळते.
घाई केली की सुरकुती.
धुळीचा कण बसला तर तो डोंगरच,
कारण आमचे चढउतार अणूंनी मोजायचे.
अकरा फुटल्या.
बाराव्या वेळी रात्री तीनला लाइट गेली.
दार उघडायचं नाही, एवढंच हातात होतं;
मी आणि कुशवाह अंधारात शेंगदाणे खात बसलो.
वीज नव्हती म्हणून ती सावकाश निवली,
सावकाश निवली म्हणून, बहुधा, टिकली.
आता रोज तीनला
आम्हीच लाइट घालवतो.

नानांनी एम.वाय.त एकतीस वर्षं एक्सरे काढले.
श्वास रोखा. सोडा. पुढचा.
अर्ध्या इंदूरच्या बरगड्या त्यांना पाठ,
पण घरात डोळ्याला डोळा कधी दिला नाही.
जेवलीस का, हेसुद्धा
पेपरच्या कडेवरून.

पहिला तुकडा त्यांना दाखवायला आणला.
सवयीनं खिडकीशी उंच धरला त्यांनी,
दोन बोटांत, फक्त कडांना शिवत.
सोन्याच्या पातळ थरातून
उजेड हिरवट झिरपला त्यांच्या कपाळावर.
बराच वेळ फ्रॅक्चर शोधल्यासारखं बघत राहिले.
"कितीला पडला?"
"चौदाशे. बाहेरून मागवला तर लाखाच्या वर."
"वर पाठवणार?"
"आधी लॅबमध्ये. वरचं मग बघू."

पेपर उघडला. पान उलटलं.
मी चहा टाकायला उठले तेव्हा
कडेवरून आवाज आला,
"झाकून ठेव. धूळ बसेल."