झोपाळ्याची कडी

खोली तशी आठ बाय नऊ.
बिल्डरच्या नकाशात ती स्टडी होती,
आम्ही बारा वर्षं तिला अडगळ म्हणत आलो:
धूळ पांघरलेली व्यायामाची सायकल,
आत्याचं शिलाई मशीन,
फराळाचे डबे, झाकणं एकाची एकाला नसलेली.

मार्चमधल्या एका रविवारी मृदुलाने टेप काढला.
मी दुसरं टोक धरून उभा,
कान तापलेले,
वय वर्षं सत्तेचाळीस.

ती एके काळी तैलबैलाच्या भिंतीवरून
माणसांना दोरावर खाली सोडायची.
अजून गाठींबद्दल बोलताना
तिचा आवाज सावकाश होतो.
मी महापालिकेत दिवसाला दोनशे सह्या करतो.
एकदा वीज गेलेली असताना बोलून गेलो
की हे हात कुणीतरी काढून ठेवावेत,
थोडा वेळ.
ती हसली नाही.
"कुणीतरी म्हणजे मीच ना?" एवढंच.

बोहरी आळीत दोर बघितले.
सुती, आठ मिलिमीटर, न काचणारा.
दुकानदाराने विचारलं, गाय का म्हैस?
बैल आहे, मृदुला म्हणाली, पण गरीब आहे.
लक्ष्मी रोडपर्यंत मी तिच्या मागे मागे,
पिशवी छातीशी धरून.

दोर तिने तीनदा धुतला, गच्चीत वाळवला.
सबनीस काकूंनी हात लावून पाहिला:
मऊ आहे हो, कुठे मिळाला?

पांचाळ मिस्त्रीला झोपाळा सांगितला.
पाट कुठाय? येतोय, सागवानी.
त्याने स्लॅबची सळई शोधली,
चार बोल्ट ठोकले,
आणि पाय वर घेऊन स्वतःच कडीला लोंबकळला.
"दोघांचाच भार ना? मग काय!"
आम्ही दोघंही छताकडे पाहत राहिलो.
खरं तर लोंबकळायचं कुणीच नव्हतं.
माझा डावा खांदा जुना दुखरा;
हात डोक्याच्या वर पाच मिनिटं, जास्त नाही,
हे तिने गॅसच्या वहीत मागच्या पानावर लिहिलेलं,
आणि त्याच्याही वर, दोनदा अधोरेखित:
बोथट टोकाची कात्री. दोराच्या आधी कात्री.

मग आवाज.
ती विरजण मागायला सबनीसांकडे गेली,
मी आत दार लावून
एकोणतिसाचा पाढा खड्या आवाजात म्हटला.
आली वाटी घेऊन.
"सत्ते चुकलास."
त्या भिंतीला दोन गोधड्या टांगल्या.

राहिला तो शब्द,
ज्याच्यावर सगळं थांबेल.
मी शिकेकाई सुचवला. जायकवाडी सुचवला.
ती उशीला अभ्रा घालत होती, थांबली.
वेगळा शब्द कशाला, म्हणाली,
आपल्याकडे पंगतीत नको म्हटलं
की पानात आणखी एक जिलबी पडते.
नको म्हणजे आग्रह करा.
इतकी वर्षं मी हा शब्द म्हणून पाहिलाय,
घरी, दारी, ऑफिसात,
कुणाला तो शब्द वाटतच नाही.
या आठ बाय नऊमध्ये तरी
नको म्हणजे नको.
तुझा. आणि माझाही,
मी बांधता बांधता म्हटलं तरी.

शुक्रवारी दार लावलं.
पंखा दोनवर, पाण्याचा तांब्या कोपऱ्यात.
मनगटाभोवती चार वेढे,
वेढ्यांखाली तिची दोन बोटं,
सैल नाही, घट्ट नाही.
तिचा श्वास माझ्या मानेवर,
सह्यांचे हात कुठेतरी दूर, दुसऱ्या कुणाचे.
सगळं इतकं हवं तसं
की मला भीती वाटली,
आणि मी उगाच, फक्त पाहायला, हळूच म्हणालो,
नको.

दोर फरशीवर.
तिने कारण विचारलं नाही,
मनगटं चोळत बसली, एक, मग दुसरं.
बाहेर कुणीतरी स्कूटर लावली,
कुणाचा तरी कुकर झाला.
बराच वेळ गेला.

मग मीच हात पुढे केले.