माशी

खोकं मंगळवारी आलं.
आत फोम, पिवळा रुमाल, दोन कड्या,
हरवण्यासाठीच बनवलेली एक इवली किल्ली
आणि चार भाषांतलं माहितीपत्रक,
चारही सारख्याच परक्या.
अलेक्झांड्राच्या दुकानात बर्नी टुलॉक म्हणाला होता,
"माशीवर नेम धरायचा हट्ट आता सोड, मोराग.
डोळे तुझे पिकलेत, ससे नाही पिकले."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो लोखंडी मणी.
बावन्न वर्षं मी ही टेकडी
त्याच्यावरून पाहिली. माझ्याआधी बाबांनी.
माझी गोळी चुकली की ते हसायचे नाहीत,
नुसतं विचारायचे, कुठे शिंकली गं?

दस्त्यावर अजून टॅन कुत्र्याच्या दातांच्या खुणा.
त्याच्यावर हा काळा, गुळगुळीत, नवाकोरा स्कोप:
म्हाताऱ्या घोड्याला शाळेतल्या मुलाचा चष्मा.

सकाळी गवत दहिवराने कडक.
मातीच्या बांधाला पुठ्ठा टेकवला,
पन्नास यार्ड पावलांनी मोजले,
ट्रकच्या टपावर बियाण्याचं पोतं, पोत्यावर रायफल.
डोळा जरा हलला की फुली सरकते,
तिला माझं डोकं तिच्याच जागी हवं.
बरं बाई.
पाच गोळ्या. पाचही उजवीकडे, तीन इंच,
पण एकमेकींना चिकटून,
चुकीच्या घरी जमलेल्या बहिणींसारख्या.
आठ खटके म्हणजे इंच.
चोवीस खटके मी मोठ्याने मोजले,
ऐकायला मेंढ्या होत्या.
पुढच्या तीन गोळ्यांचं मिळून एकच भोक पडलं.
मी पुठ्ठ्यापर्यंत चालत गेले, त्यात करंगळी घातली,
आणि कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

मग ससा.
आजवर ससा म्हणजे तपकिरी ठिपका,
आणि नंतर, नसलेला ठिपका.
याच्या कानामागे सूर्य होता.
कान लाल पेटलेला, त्यात एक शीर, काठावर जुनी चीर.
तो रानओव्याचं जांभळं फूल
देठापासून सुरू करून खात होता.
इतकं कुणी दाखवायला सांगितलं होतं?
चाप ओढला. खोटं कशाला सांगू.
ही टेकडी ते सोलून खातात, आणि ती माझी आहे.
पण बोल्ट मागे ओढायला
नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

नदीपलीकडे लॅक्लन कुंपणाला बसलेला दिसला.
म्हणजे कुणीतरी. म्हणजे तोच,
त्या कुंपणाला दुसरं कोण बसणार.
पाटाच्या पाण्यावरून आमचा खटका उडाला
त्याला अकरा वर्षं झाली.
तो किती खटके फिरवून जागेवर येतो
हे पत्रकात नाही, चारही भाषांत.
गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे त्याचं.
डोळ्यासमोर काच होती, स्वच्छ, नऊपट.
दोन बोटं डावीकडे वळवली असती
तर मला कळलं असतं तो लंगडतो का,
दाढी ठेवलीय का, बाबांसारखा दिसायला लागलाय का.

बंदुकीतून माणूस बघायचा नाही.
रिकाम्या बंदुकीतूनही नाही. गंमत म्हणूनही नाही.
बाबांनी हे आम्हा दोघांना एकाच दिवशी,
एकाच कानफटात शिकवलं होतं.

रायफल उघडी करून पोत्यावर आडवी ठेवली
आणि घरात जाऊन जुनी दुर्बीण शोधली.
ती फडताळात होती, उजव्या नळीत बुरशी.
अंगणात उभी राहून खूप वेळ फिरवत बसले.
नदी दिसली. पॉप्लर दिसले.
कुंपणाशी एक तपकिरी ठिपका
उठला, थांबला, पुन्हा खाली बसला.
गुडघा धरून की खिळा शोधायला,
देव जाणे.

संध्याकाळी बर्नीचा फोन. कसा वाटला?
म्हटलं, स्वच्छ आहे. जरा जास्तच.
पुढची माशी काढून देऊ का, म्हणाला,
आता तिचं काय काम.
खालच्या काठाला धुरकट दिसते ती,
कमी पटीवर ठेवलं तर.
राहू दे, म्हटलं.
खोक्यात अजून एकतीस गोळ्या आहेत,
आणि उद्या वारा दुसऱ्या बाजूने आहे.